रेषा सरकली, खुर्चीही सरकली

सरकारी नोकरीत पंचवीस वर्षे होत आली की माणसाला दोन गोष्टी नीट कळतात. एक म्हणजे बदली आणि दुसरी म्हणजे चार्ज. बदलीची ऑर्डर येते, जुना माणूस कपाटाच्या किल्ल्या, मेजरमेंट बुके, शिक्के आणि फायलींची यादी करून देतो, नवा माणूस सही करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर दुसरे कोणीतरी बसलेले असते. चहावाला मुलगा एक दिवस गोंधळतो, मग त्यालाही सवय होते. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस. इतिहास हा आमचा धंदा नव्हे. पण खुर्ची कशी रिकामी होते आणि तिच्यावर दुसरा कसा येतो, हा विषय आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्याच विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

निमित्त घडले ते मागच्या वर्षीच्या उत्सवात. आरतीनंतर प्रसाद वाटप चालू होते. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, आपल्या धारवाडचे आमदार पूर्वी मुंबईला बसायचे, हे खरे का?" आम्ही म्हटले, "खरे आहे. तुझ्या पणजोबांनी मत दिले ते मुंबईच्या विधानसभेसाठी." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, "मग ते आमदार बंगळूरला कधी गेले? आणि त्यांना परत निवडून यावे लागले का?" याचे उत्तर त्या वेळी आम्हाला नीट देता आले नाही. घरी येऊन शोधू लागलो, वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की आपल्या देशाच्या पहिल्या काही वर्षांत कायदेमंडळांतली माणसे किती तऱ्हांनी बदलली, याची कथा मोठी आहे. आणि त्या कथेत आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसांचा वाटा आहे.

नव्या देशाची पहिली सभा

कोणताही नवा देश उभा राहतो तेव्हा त्याच्या पहिल्या सभेत माणसे टिकत नाहीत, हा अनुभव जुना आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर 1781 मध्ये त्यांचा जो पहिला करारनामा अंमलात आला, त्यात नियमच असा होता की कोणाही प्रतिनिधीने सहा वर्षांत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ काँग्रेसमध्ये बसू नये. राज्यांनी दर वर्षी माणसे नेमावीत आणि वाटले तर मध्येच परत बोलवावीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसन यांनाही 1783 मध्ये या नियमामुळे घरी जावे लागले. एकाच माणसाच्या हातात सत्ता राहू नये, हा हेतू चांगलाच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की काम शिकलेला माणूस निघून जाई आणि नवा येईपर्यंत सभा अपुरी पडे. इंग्लंडशी झालेल्या तहाला मंजुरी द्यायची होती, तेव्हा पुरेशा राज्यांचे प्रतिनिधी हजर नसल्याने ते काम खोळंबले आणि 1784 च्या जानेवारीत कसेबसे पार पडले.

नवी राज्यघटना आल्यावर मुदतीचे बंधन गेले. तरी 1789 च्या 4 मार्चला भरायची काँग्रेस एप्रिल उजाडेपर्यंत कोरमअभावी सुरू होऊ शकली नाही. तेथील सिनेटमध्ये मात्र एक शहाणी व्यवस्था केली होती. सगळे एकदम बदलू नयेत म्हणून पहिल्याच वर्षी चिठ्ठ्या टाकून सभासदांचे तीन गट केले. एक गट दोन वर्षांनी, दुसरा चार वर्षांनी, तिसरा सहा वर्षांनी निवृत्त होणार. नवे रक्तही यावे आणि जुनी जाणही राहावी, असा तो हिशेब. आपल्या राज्यसभेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात, ती पद्धत याच जातीची. तिचा एक मोठा मराठी दाखला पुढे येणारच आहे.

घटना समितीत मुंबई प्रांताचे सभासद

आपली पहिली राष्ट्रीय सभा म्हणजे घटना समिती. 1946 च्या जुलैमध्ये प्रांतांच्या विधानसभांनी तिचे सभासद निवडले. सामान्य मतदाराने थेट मत दिले नव्हते. मूळ योजनेत 389 जागा होत्या, त्यांपैकी 93 संस्थानांच्या. 9 डिसेंबर 1946 रोजी दिल्लीत ती पहिल्यांदा भरली. मुस्लिम लीगने बहिष्कार घातलेला असल्याने पहिल्याच दिवशी कितीतरी बाके रिकामी होती.

धारवाड त्या वेळी मुंबई प्रांतात. त्यामुळे मुंबई प्रांताच्या सभासदांची यादी वाचताना आम्हाला आपल्याच गल्लीतून फिरल्यासारखे वाटले. बाळासाहेब खेर, काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे, शंकरराव देव ही नावे आहेत. सरदार पटेल आणि कन्हैयालाल मुन्शी आहेत. हंसा मेहता आहेत. आणि त्याच यादीत आपल्या धारवाडचे रंगनाथ रामचंद्र दिवाकर आहेत. हे तेच दिवाकर, ज्यांनी 1921 मध्ये धारवाडातून 'कर्मवीर' साप्ताहिक सुरू केले. एस. निजलिंगप्पांचे नावही मुंबईच्याच यादीत आहे. त्यांची वकिली चित्रदुर्गात, म्हणजे म्हैसूर संस्थानात, पण निवडून गेले मुंबई प्रांतातून. तेच पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले. माणूस राहतो कुठे आणि बसतो कोणाच्या वतीने, यांचा मेळ तेव्हाही नेहमी बसत नव्हता.

संस्थानांचा विचार केला तर आपल्या भागाची स्थिती आणखी गमतीची. हुबळीच्या शेजारचे कुंदगोळ, म्हणजे सवाई गंधर्वांचे गाव, जमखंडी संस्थानात होते. शिरहट्टी सांगली संस्थानात, तर लक्ष्मेश्वर थोरल्या मिरज संस्थानात. ही सगळी पटवर्धनांची संस्थाने. या दख्खनच्या संस्थानांतर्फे घटना समितीत बसले होते वऱ्हाडातल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे. म्हणजे कुंदगोळच्या कानडी शेतकऱ्याच्या वतीने वऱ्हाडातला मराठी वकील दिल्लीत बोलणार! 8 मार्च 1948 रोजी दख्खनची ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्या आधीच जानेवारीत अणे बिहारचे राज्यपाल होऊन गेले होते. आणि योगायोग पाहा. 1952 च्या जूनमध्ये बिहारच्या राजभवनात अण्यांच्या जागी राज्यपाल म्हणून गेले ते आपले दिवाकर. वणीच्या माणसाने पाटण्यात धारवाडच्या माणसाला चार्ज दिला, असे आम्ही आमच्या ऑफिसच्या भाषेत म्हणतो.

जयकरांनी सोडलेली जागा

खुर्ची रिकामी होण्यातून देशाचे किती भले होऊ शकते, याचा सर्वांत मोठा दाखला मात्र दोन मराठी बॅरिस्टरांचा आहे.

1946 च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे मुंबईत पानिपत झाले होते. मुंबईच्या विधानसभेतून घटना समितीवर निवडून येण्याइतकी मते त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा बंगालमधल्या दलित पुढाऱ्यांनी, विशेषतः जोगेंद्रनाथ मंडल यांनी, पुढाकार घेतला आणि बाबासाहेब बंगालच्या विधानसभेतून निवडून आले. आयुष्य मुंबईत काढलेला माणूस बंगालचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीत बसला.

मुंबईच्या बाजूने त्याच सभेत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. 13 डिसेंबर 1946 रोजी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. 16 तारखेला जयकरांनी दुरुस्ती सुचवली की मुस्लिम लीग आणि संस्थाने यांना येण्याची संधी मिळावी म्हणून हा ठराव थोडा पुढे ढकलावा. सभेला ते रुचले नाही. 17 तारखेला आंबेडकर बोलायला उभे राहिले. काँग्रेसचा हा कडवा टीकाकार आता काय बोलतो, म्हणून सभा सावरून बसली असेल. त्यांनी जयकरांच्या म्हणण्याची बाजू घेतली, पण देश एक राहील असा विश्वास इतक्या तळमळीने मांडला की विरोधकही ऐकत राहिले. दुरुस्ती काही टिकली नाही. 22 जानेवारी 1947 रोजी मूळ ठराव मंजूर झाला.

पुढे जयकरांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि मुंबईच्या वाट्याची एक जागा रिकामी झाली. इकडे फाळणीची योजना आली. 20 जून 1947 रोजी बंगालच्या विधानसभेत फाळणीचा निर्णय झाला. बंगालचेच दोन तुकडे होणार म्हटल्यावर जुन्या बंगालने निवडलेल्या प्रतिनिधींची जागा उरली नाही. आंबेडकर एका रात्रीत सभेबाहेर पडले. त्यांना कोणी पाडले नव्हते, त्यांनी राजीनामाही दिला नव्हता. नकाशावर एक रेषा ओढली गेली आणि त्यांच्या पायाखालची जागा गेली, एवढेच.

तेव्हा घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी 30 जून रोजी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले. आंबेडकरांनी सभेत आणि समित्यांत केलेले काम पाहता ते सभेत असणे आवश्यक आहे, 14 जुलैच्या अधिवेशनाआधी मुंबईतून त्यांना निवडून द्यावे, असा त्याचा आशय. मुंबईच्या विधानसभेत बहुमत काँग्रेसचे होते. ज्यांच्या पक्षावर आंबेडकरांनी वर्षानुवर्षे कोरडे ओढले, त्यांनीच त्यांना जयकरांच्या रिकाम्या जागेवर निवडून दिले. डिसेंबरात ज्यांची बाजू घेतली, त्यांच्याच जागेवर जुलैत बाबासाहेब बसले. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

आम्ही हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या खात्यात एखादी जागा रिकामी झाली की आधी विचार होतो तो आपल्या माणसाचा. त्या जुलैमध्येही आपापली माणसे असतीलच. पण त्या वेळी मोठ्या माणसांनी विचारले ते असे, की या खुर्चीवर बसून हे काम कोण करू शकेल? त्या एका प्रश्नाने देशाची घटना घडवली.

सात जणांची समिती

मसुदा समितीतही सात खुर्च्या होत्या. त्यांची कहाणी 5 नोव्हेंबर 1948 रोजी टी. टी. कृष्णमाचारी यांनी सभेतच सांगितली. सातांपैकी एकाने राजीनामा दिला, त्याच्या जागी दुसरा आला. एक वारले, त्यांची जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत होते. एक संस्थानांच्या कामात गुंतलेले. एकदोघे दिल्लीपासून दूर, प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. शेवटी मसुद्याचा भार आंबेडकरांवर पडला आणि त्यांनी तो पेलला, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. राजीनामा देणारे होते बी. एल. मित्तर, आणि त्यांच्या जागी आले म्हैसूरचे माजी दिवाण एन. माधवराव. समितीच्या कामावर म्हैसूरच्या राज्यकारभाराचा हात फिरला तो असा.

आमच्या कचेरीतही सात मंजूर जागा असतात आणि प्रत्यक्षात हजेरीपुस्तकावर तिघे. काम करणारा एकच. म्हणून कृष्णमाचारींचे ते भाषण वाचताना आम्ही मनापासून मान डोलावली.

घटना समिती 2 वर्षे 11 महिने 18 दिवस चालली. या काळात फाळणीमुळे जागा कमी झाल्या, संस्थानांतून नवे सभासद आले, काही वारले, काही राज्यपाल झाले. 24 जानेवारी 1950 रोजी घटनेवर 284 सभासदांनी सह्या केल्या. 1946 च्या डिसेंबरात जी सभा भरली, ती आणि ही सभा नावाने एकच, पण बाकांवरची कितीतरी माणसे वेगळी होती. तरी धागा तुटला नाही, कारण जाणारा आपले टिपण ठेवून जात होता आणि येणारा ते वाचून बसत होता.

ज्याने लिहिले त्यालाच दार बंद

घटनेप्रमाणे पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 मध्ये झाली आणि आता थेट मतदार माणसे बदलू लागला. त्याने घटनेच्या शिल्पकारालाही सोडले नाही. उत्तर मुंबईत बाबासाहेब हरले. निवडून आले नारायण सदोबा काजरोळकर. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना यश आले नाही.

मग ते संसदेत गेले ते मुंबई राज्याच्या विधानसभेने निवडलेले राज्यसभा सभासद म्हणून. 3 एप्रिल 1952 पासून. आता वर सांगितलेली अमेरिकेची पद्धत आठवा. राज्यसभेची मुदत सहा वर्षे, पण सगळे एकदम निवृत्त होऊ नयेत म्हणून पहिल्या सभासदांपैकी काहींना दोन, काहींना चार वर्षेच मिळाली. बाबासाहेबांच्या वाट्याला चार वर्षे आली. 1956 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा निवडून आले आणि 6 डिसेंबर 1956 रोजी सभासद असतानाच गेले. म्हणजे बंगालातून गेलेली खुर्ची, जयकरांची खुर्ची, लोकसभेत न मिळालेली खुर्ची आणि शेवटी राज्यसभेची चार वर्षांची खुर्ची, असा त्यांचा दहा वर्षांचा प्रवास. कोणतीही खुर्ची त्यांच्या मालकीची नव्हती. काम मात्र त्यांचेच राहिले.

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर राहूनही सभेचा मान मिळवू शकतो, याचे उदाहरण त्याच काळात होते. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे कोकणातले, पण गुजरातेत स्थायिक झालेले. दादासाहेब 1937 पासून मुंबई विधानसभेचे सभापती होते, घटना समितीचे सभासद होते आणि 1952 मध्ये अहमदाबादहून निवडून येऊन लोकसभेचे पहिले सभापती झाले. गुजराती मतदाराने त्यांना परका मानले नाही. 27 फेब्रुवारी 1956 रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई निवडून आल्या. हुबळी-धारवाडात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे घराणे जवळचे वाटावे, असे आहे.

1 नोव्हेंबर 1956

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो.

1952 मध्ये धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार या चार जिल्ह्यांतून निवडून आलेले आमदार मुंबईच्या विधानसभेत बसत. हुबळीहून गाडीत बसायचे, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला उतरायचे, कारण तोवर मीटरगेज. पुण्यात गाडी बदलून मोठ्या रुळावरून मुंबई. मुंबईच्या सभागृहात कानडी, मराठी, गुजराती अशा तीन भाषांच्या मुलखांतली माणसे शेजारी शेजारी.

मग राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे चार जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबईकडे राहिला. त्या मुलाचा प्रश्न होता, आमदारांना पुन्हा निवडून यावे लागले का? उत्तर आहे, नाही. कायद्यात तरतूद होती की जो मतदारसंघ ज्या राज्यात जाईल, त्याचा आमदार त्या राज्याच्या विधानसभेचा सभासद समजला जाईल. काल मुंबईचा आमदार, आज म्हैसूरचा. मत तेच, मतदार तेच, आमदार तोच, फक्त सभागृह वेगळे. पुढची निवडणूक काही महिन्यांवरच होती, 1957 च्या सुरुवातीला. तोवर त्यांनी बंगळूरला बसून काम पाहिले.

असे फक्त आपल्याकडेच घडले नाही. मराठवाड्याचे आमदार हैदराबाद सोडून मुंबईला आले, विदर्भाचे मध्य प्रदेशातून मुंबईला आले. गुलबर्गा, रायचूर, बिदरचे हैदराबादहून बंगळूरला गेले. एका दिवसात इतक्या माणसांनी सभागृह बदलले आणि कोणाचेही सभासदत्व बुडाले नाही. 1947 मध्ये रेषा सरकली तेव्हा आंबेडकरांची खुर्ची गेली होती. 1956 मध्ये रेषा सरकली तेव्हा खुर्चीही माणसाबरोबर सरकली. नऊ वर्षांत देश एवढे शिकला होता.

आमचे आजोबा हुबळीला रेल्वेत होते. 1952 मध्ये त्यांनी ज्या शाळेत जाऊन मत दिले, त्याच शाळेत 1957 मध्ये दिले. पहिले मत मुंबईसाठी, दुसरे म्हैसूरसाठी. घर बदलले नाही, वाडा बदलला नाही, विहीर बदलली नाही. आजी म्हणे, "आम्ही कुठेही गेलो नाही, राज्यच आमच्यावरून गेले." ते वर्ष आपल्या कितीतरी घरांत जड गेले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नातेवाईक सोलापूर-सांगलीकडे, आपण इकडे. कोणाला वाटले आपण मागे राहिलो, कोणाला वाटले आपण परके झालो. सीमेचा वाद आजही न्यायालयात आहे. त्यावर बोलणे आमच्यासारख्या सरकारी नोकराचे काम नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही.

पण कागद वाचताना एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. आपण मागे राहिलो नव्हतो. आपले मत आपल्याबरोबर आले होते, आपला आमदारही आपल्याबरोबर आला होता. त्याच दिवशी घटनेची सातवी दुरुस्ती अंमलात आली. तिच्यातल्या 350 क कलमाने राज्यांवर जबाबदारी टाकली की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. 350 ख कलमाने त्यांच्यासाठी खास अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. रेषा ओढणाऱ्यांना ठाऊक होते की रेषेच्या दोन्ही बाजूंना काही माणसे राहणारच. आपण या राज्यात पाहुणे म्हणून आलो नाही. पहिल्या दिवसापासून मतदार म्हणून आलो. मतदाराला हक्क असतो तसे कर्तव्यही असते, आणि या मातीची भाषा शिकणे त्यात पहिले येते.

अठरा निवडणुका, पाच माणसे

शेवटी आपल्याच लोकसभा मतदारसंघाकडे पाहू. 1952 मध्ये धारवाड उत्तरमधून डी. पी. कर्मारकर निवडून आले, तेव्हा ते मुंबई राज्याचे खासदार. 1957 मध्ये त्याच जागेवरून पुन्हा आले, तेव्हा म्हैसूर राज्याचे खासदार आणि केंद्रात आरोग्यमंत्री. 1962 पासून चार वेळा डॉ. सरोजिनी महिषी. 1980 पासून चार वेळा डी. के. नाईकर. 1996 पासून तीन वेळा विजय संकेश्वर. 2004 पासून पाच वेळा प्रल्हाद जोशी. बेरीज करा. अठरा निवडणुका आणि एकूण पाच माणसे.

आता पुण्याकडे पाहा. 1952 मध्ये काकासाहेब गाडगीळ, 1957 मध्ये नानासाहेब गोरे, 1962 मध्ये शंकरराव मोरे, 1967 मध्ये एस. एम. जोशी, 1971 मध्ये मोहन धारिया. पाच निवडणुकांत पाच माणसे. आपल्याला पाच माणसांना जो काळ लागला, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पुण्याला पुरला.

यात बरे कोणते आणि वाईट कोणते, हे सांगण्याची आमची पात्रता नाही आणि नोकरीत ते शोभणारही नाही. पुणेकर माणसे बदलत राहिले, त्यात संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, पक्षांची उलथापालथ होती. धारवाडकरांनी माणूस धरला की धरून ठेवला. सहा वर्षांत तीन वर्षांची मुदत घालणारी अमेरिका एका टोकाला आणि एकाच माणसाला वीस वर्षे देणारे मतदार दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे निर्णय कोणाच्या हातात होता, हे पाहायचे. मतदाराने ठेवले तर राहावे, मतदाराने काढले तर जावे, यात अपमान नाही. अपमान असेल तर खुर्ची आपली आहे असे समजण्यात.

आपल्या मंडळाकडे

आता थोडे घरचे बोलू. आपल्या मंडळाची जुनी इतिवृत्ते मागच्या महिन्यात आम्ही चाळली. कार्यकारिणीची यादी पाहता पाहता हसू आले आणि थोडी काळजीही वाटली. तीच सात-आठ नावे गेली कित्येक वर्षे फिरत आहेत. अध्यक्ष कार्यवाह होतात, कार्यवाह खजिनदार होतात, खजिनदार पुन्हा अध्यक्ष. त्यात आमचेही नाव आहे, म्हणून कोणी रागावू नये. कामाला कोणी नाही म्हणून आम्ही बसलो, हे खरे. पण आम्ही बसलो आहोत म्हणून कोणी येत नाही, हेही खरे असू शकते.

ज्या मुलाने प्रश्न विचारला, तो घरी मराठी बोलतो, कॉलेजात कानडी बोलतो, परीक्षा इंग्रजीत देतो. त्याला मंडळाच्या सभेत बोलावले तर तो मागच्या सतरंजीवर बसतो आणि मोबाइल पाहतो, अशी आपली तक्रार असते. पण त्याला खुर्ची कोणी दिली? जयकर उठले म्हणून आंबेडकर बसू शकले. उठणाऱ्याला त्या वेळी ठाऊक नसेल की आपण केवढ्या कामाला वाट करून देत आहोत. आपल्याकडे एवढा मोठा कोणी येईल असा आमचा दावा नाही. वर्गणीचा हिशेब नीट ठेवणारा, मराठी पुस्तकांचे कपाट उघडून झटकणारा, विसर्जनाच्या मिरवणुकीत शेजारच्या कानडी मंडळाशी वेळ ठरवून घेणारा कोणी आला, तरी पुष्कळ झाले.

म्हणून आम्ही ठरवले आहे. यंदाच्या वार्षिक सभेत आमचे नाव पुन्हा सुचवले गेले, तर आम्ही नम्रपणे नाही म्हणू. पावतीपुस्तके, बँकेचे पासबुक, मखराच्या सामानाची यादी, कपाटाच्या दोन किल्ल्या आणि जुनी इतिवृत्ते, असा सगळा चार्ज लिहून ठेवला आहे. यादीच्या खाली घेणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी आहे. त्या मुलाला आम्ही तसे सांगितलेही. तो म्हणाला, "काका, मला जमेल का?" आम्ही म्हटले, "आम्हाला तरी कुठे जमत होते? बस, म्हणजे जमेल."